मॉरिसव्हिलमधली ऑक्टोबर छाटणी

द्राक्षाची वेल कधी छाटावी असं मला कुणी विचारलं, तर हल्ली मी सरळ विषय बदलते. परवा इथे, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला बेलव्ह्यूला, ऑफिसातल्या एकीने विचारलंच. तिने घरामागे वेल लावली आहे आणि तिला कुणीतरी सांगितलं की मी नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला असताना एका द्राक्षवाल्या काकांच्या घरी भाड्याने राहायचे, तेव्हा मला माहीत असणार. मला माहीत आहेच. पुस्तकातलं उत्तर एक आहे, काकांचं दुसरं आहे, आणि ही दोन्ही उत्तरं मी माझ्या तोंडाने ठासून दिलेली आहेत. त्यातलं बरोबर कोणतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिला म्हटलं, इंटरनेटवर बघ.

माझा धंदा सॉफ्टवेअर तपासण्याचा. एखादी गोष्ट चालते किंवा चालत नाही, याच्या मधलं आमच्यात काही नसतं. मी मूळची नागपूरची, स्वभावानेही तशीच, मनात आलं की बोलून मोकळी होणारी. काका सांगली जिल्ह्यातले, तासगावकडचे, आणि त्यांच्या मनात काय आहे हे त्यांच्या बायकोलाही चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. गॅरेजवरची खोली बघायला मी गेले तेव्हा त्यांनी मला नोकरी कुठे, व्हिसा कोणता, असलं काही विचारलं नाही. समोर द्राक्षांचा घड ठेवला आणि विचारलं, खाताना घड कुठून सुरू करतेस? मी म्हटलं, हात पोचेल तिथून. त्यांनी मान हलवली. घडाचं खालचं टोक आंबट असतं आणि देठाकडे जावं तशी गोडी वाढत जाते, म्हणून द्राक्षं खालून वर खायची, म्हणजे प्रत्येक मणी आधीच्यापेक्षा गोड लागतो. हे सांगून ते म्हणाले, तुम्ही संत्र्यातली माणसं, तुमच्याकडे फोड कुठूनही खाल्ली तरी सारखीच. खोली मला मिळाली. पण दोन वर्षं मी त्यांच्यासमोर खालून वर खाल्लं आणि माझ्या खोलीत हात पोचेल तिथून.

काकांच्या शर्टाच्या खिशात कायम एक नळी असायची. द्राक्षातली साखर मोजायचं यंत्र. एका टोकाला रसाचा थेंब टाकायचा, दुसऱ्या टोकाला डोळा लावून उजेडाकडे बघायचं, आत आकडा दिसतो. तिकडे बागायतदार माल उतरवण्याआधी, म्हणजे घड तोडण्याआधी, बागेत हे करतात. काका ते किराणा दुकानात करायचे. फळांच्या रांगेत उभं राहून पिशवीतला एक मणी काढायचा, चिरडायचा आणि छताच्या दिव्याकडे नळी रोखायची. एकदा दुकानाचा मॅनेजर धावत आला, सगळं ठीक आहे ना विचारायला. काकांनी त्यालाच नळी दिली आणि आत बघायला लावलं. चौदा. मग सतराची द्राक्षं कशी लागतात यावर त्यांनी त्या बिचाऱ्याला वीस मिनिटं धरलं. पुढे तोच मॅनेजर नवा माल आला की काकांना शोधत यायचा. वर्षातून चार-पाच वेळा आकडा सतराच्या वर जायचा आणि तेवढ्याच वेळा आमच्या घरात द्राक्षं अधिकृतपणे यायची. एरवी काका कांदे घेऊन परतायचे. काकू त्यांच्या मागून चौदाची पिशवी गुपचूप गाडीत टाकायच्या, घरी आल्यावर मणी सुटे करून फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि दुपारी टीव्हीसमोर बसून कडाकडा फोडायच्या. काका तेव्हा त्या खोलीत जात नसत.

आणि अशा माणसाच्या घरामागे द्राक्षाचा मांडव होता. लोखंडी खांब, वर चौफेर ताणलेल्या तारा, आणि तारा सैल पडल्या की पिळून घट्ट करायचे पेच. काका वीज कंपनीत पस्तीस वर्षं इंजिनियर होते, तेव्हा त्या मांडवावर विमान उतरलं असतं. वेलीचं खोड माझ्या मनगटाएवढं. उन्हाळ्यात पानं ताटाएवढी व्हायची आणि खाली गार सावली पडायची. फक्त द्राक्षं नव्हती. एकही घड नाही, कधीच नाही, दहा वर्षांत नाही. कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणतात, पण आमच्या अंगणात येऊन कोल्ह्याला तेवढंही म्हणायची सोय नव्हती.

मला आधी वाटलं की ही शोभेची वेल असेल. मग पहिला ऑक्टोबर आला. शनिवारी सकाळी नऊला काका शिडी घेऊन मांडवाखाली गेले, फोन स्पीकरवर टाकून खिशात ठेवला आणि कापायला लागले. हिरवीगार काडी कापत होते, पानांचा ढीग पडत होता. फोनवर तिकडून त्यांचे थोरले भाऊ बोलत होते. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही तेच म्हणते. तिकडे संध्याकाळ झालेली. दादा विचारायचे, किती डोळ्यांवर कापतोस, म्हणजे काडीवर किती अंकुर राखतोस. काका सांगायचे, चार. दादा म्हणायचे, बारीक काडी असंल तर तीनवर घे. मग तिकडच्या बागेत आज किती ओळी झाल्या, मजूर किती आले, ढग आहेत का, हे सगळं. दीड तास. एप्रिल आला, पुन्हा शिडी, पुन्हा फोन, पुन्हा दीड तास, आणि वेल अशी बोडकी की बघवेना.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मी विद्यापीठाच्या शेतकी विभागाचं सगळं वाचून काढलं. महाराष्ट्रात वेलीला झोपवणारी थंडी नसते, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटून वळण लावतात, एप्रिलला आणि ऑक्टोबरला. नॉर्थ कॅरोलिनात हिवाळ्यात वेल आपोआप झोपते. इथे एकदाच छाटायचं, फेब्रुवारीच्या शेवटी, ती जागी व्हायच्या आत. ऑक्टोबरला छाटली तर कोवळे फुटवे येतात आणि हिमात जळतात. एप्रिलला छाटली तर ज्या फुटव्यांवर घड येणार तेच कापले जातात. म्हणजे काका तासगावचं पंचांग लावून वर्षातून दोनदा स्वतःची द्राक्षं स्वतःच्या हाताने कापून टाकत होते. मी हे सगळं चित्रांसकट छापून त्यांना दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, एका तापमानाचं एकक चुकलं होतं ते दुरुस्त केलं आणि म्हणाले, अगदी बरोबर आहे, छान समजावलंयस.

पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा शिडी.

मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. हा माणूस वेडा नव्हता. शेजाऱ्याच्या घरातलं वायरिंग नुसतं ऐकून दुरुस्त करायचा. मग हे काय? मी काकूंना विचारलं. त्या दादरच्या, सगळं एका वाक्यात संपवायची सवय. म्हणाल्या, "मी विचारायचं सोडलं, तूही सोड." मी काकांनाच विचारलं, तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच काहीतरी विचित्र बोलले. आज दादा छाटणी घेतोय ना, एवढंच म्हणाले. याचा अर्थ मला लागला नाही. एप्रिल येऊन गेला तरी लागला नव्हता.

जुलैमध्ये एका सकाळी काका जिना चढून माझ्या खोलीत आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. खुर्चीवर माझे कपडे होते म्हणून ते सूटकेसवर बसले. दादा अमेरिकेत येत होते. नातीचं बाळ बघायला टेक्सासात, प्लेनोला, आणि परत जाताना ऑगस्टमध्ये चार दिवस आमच्याकडे. मी म्हटलं, वा, छानच की. काका म्हणाले, छान काय, मी त्याला दहा वर्षं सांगतोय की माझ्या वेलीला द्राक्षं येतात.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षी सहज एक घड म्हणाले होते. दादाला आनंद झाला. दुसऱ्या वर्षी एकावरच थांबणं बरं दिसेना, म्हणून सहा. पुढे कमी सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं, रोग कोणता, फवारणी काय केलीस, म्हणून वाढतच गेलं. गेल्या वर्षी शेजाऱ्यांना वाटून उरली असं सांगितलं होतं. मी हसायला लागले, पण त्यांच्याकडे बघून थांबले. ते म्हणाले, वडील होते तोवर मी दोन वर्षांनी परत येणार असंच घरात धरलेलं होतं. चाळीस वर्षं झाली. बाग दादाने एकट्याने सांभाळली. आमच्यात भांडण नाही. भांडण असतं तर बोलायला विषय तरी असता. वडील गेल्यावर आम्ही फोन करायचो, बरा आहेस का, बरा आहे, आणि दोघं गप्प. मग मी ही वेल लावली आणि छाटायची कशी म्हणून त्याला विचारलं. त्या दिवशी तो माझ्याशी तासभर बोलला.

"आता तो येऊन मोकळा मांडव बघणार," काका म्हणाले. "मग छाटणीचं काय बोलायचं? आणि छाटणीचं नाही, तर आम्ही काय बोलायचं?"

मला त्यांची फार माया आली आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. मी म्हटलं, काका, मग फेब्रुवारीत छाटून खरीच का नाही आणलीत? ते म्हणाले, तिकडे फेब्रुवारीत माल उतरवायची घाई असते, छाटणीवर कोण बोलणार तेव्हा.

आडात नाही ते पोहऱ्यात आणायचं, असं आम्ही ठरवलं. म्हणजे त्यांनी ठरवलं आणि मी गाडी चालवली. दादा यायच्या आदल्या दिवशी आम्ही तीन दुकानं फिरलो. वेल काळ्या द्राक्षाची होती आणि दादाला पानावरून जात ओळखता येते, म्हणून घड काळेच हवे होते. साखर सतरा हवी. देठ हिरवा हवा. अकरा पिशव्या घेऊन आलो आणि संध्याकाळभर मांडवाला द्राक्षं बांधत बसलो, हिरव्या दोऱ्याने, सव्वीस घड. खोटं बोलताना माणूस निदान आळस करतो, काकांनी तोही केला नाही. घड नेहमी पानाच्या समोरच्या बाजूला येतो, म्हणून तिथेच बांधायचा. काडीच्या चौथ्या-पाचव्या पेरावर, त्याच्या पुढे नाही. एका काडीला दोनपेक्षा जास्त नाही. मी एक घड चुकून भलतीकडे बांधला तर त्यांनी तो सोडायला लावला. काकू खिडकीतून बघत होत्या. त्यांनी चहा पाठवला.

दादा आले. ऐंशीच्या घरातले, पांढरा शर्ट, पायजमा आणि नातीने घेऊन दिलेले भलेमोठे बूट. पाणीही न पिता थेट मांडवाखाली गेले. आधी पान उलटं करून पाठीमागून बघितलं. मग काडी. मग एका घडाखाली तळवा नेला आणि तो न ओढता नुसता उचलून तोलला. काका माझ्या शेजारी उभे राहून दोऱ्याची गाठ दिसते का ते बघत होते. मीही.

"माल चांगला आलाय," दादा म्हणाले. "साखर किती?"

"सतरा," काका म्हणाले.

"आठ दिवस थांब. अठरा हू दे. मग उतरव."

बांधलेले घड कसले अठरा होताहेत; तोडलेलं द्राक्ष पुढे पिकत नाही, हे मला काकांनीच शिकवलेलं. दादांना ते आणखी पन्नास वर्षं आधीपासून माहीत असणार. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तिथे काही दिसलं नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून कदाचित त्यांना दोरे दिसले नसतील, असंही मला वाटलं. दुसऱ्या दिवशी घडांचे देठ सुकायला लागले. दादा म्हणाले, पाणी कमी पडत असंल. काकांनी गंभीरपणे पाण्याचा पाइप लावून वेलीला तासभर पाणी दिलं आणि दादा खुर्ची टाकून, किती द्यायचं ते सांगत बसले. दोघं अखंड बोलत होते. डाउनी, भुरी असले वेलीचे रोग, एकोणऐंशी सालची गारपीट, वडिलांनी लावलेली पहिली ओळ. चाळीस वर्षांचं बोलणं त्या सुकत चाललेल्या सव्वीस घडांखाली चाललं होतं आणि मला हसावं की काय करावं ते कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काका औषधं आणायला गेले. मी मागच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. दादा शेजारी येऊन टेकले.

"गाठी तू मारल्यास व्हय?" त्यांनी विचारलं.

मी लॅपटॉप मिटला.

"घट्ट मारल्यास. काडीला वळ पडंल. मी गेलो की सोडून टाक." मग म्हणाले, "त्येला म्हणू नको मला कळलं म्हणून."

मी म्हटलं, दादा, मग तुम्ही रागावला नाहीत? त्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं, कारण पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलंच नाही. तिकडे बाग नव्हती. सहा वर्षांपूर्वीच काढली होती. गुडघे गेले, मुलगा पुण्यात, कामाला माणूस मिळेना. वेली उपटल्या, तारा गुंडाळून दिल्या, आता तिथे दुसऱ्याचा ऊस आहे. मी म्हटलं, पण तुम्ही तर दर ऑक्टोबरला ओळी सांगता, मजूर सांगता. ते म्हणाले, घरात खुर्चीवर बसून सांगतो. व्हिडिओ लाव म्हणतो तो, मी सांगतो रेंज नाही.

"वडलांची बाग मी काढली, हे त्येला कुठल्या तोंडानं सांगू?" ते म्हणाले. "आन् बाग नाही म्हटल्यावर त्यो मला इचारणार काय?"

पुढे म्हणाले, एवढ्या लांबचं आता पुन्हा येणं व्हायचं नाही, फोन आहे तोवर आहे. हेही कुणाला सांगू नको म्हणाले. मी हो म्हटलं. तपासणीच्या धंद्यात मी आठ वर्षं काढली आहेत, पण एकाच गोष्टीत दोन्ही बाजू खोट्या आणि तरी ती गोष्ट चालते, असं मी कधी बघितलं नव्हतं. काकांना यातलं खरोखर काही माहीत नव्हतं का, हाही प्रश्न मला तेव्हाच पडला. गावात इतके नातेवाईक, कुणीतरी कधीतरी बोललं असेलच. पण विचारायची सोय नव्हती. दोघा भावांची झाकली मूठ माझ्या हातात आणि मला उघडता येईना.

दादा गेले. विमानतळावर दोघांनी एकमेकांना मिठी वगैरे मारली नाही, ऑक्टोबरला फोन करतो, एवढंच म्हणाले. मी घरी येऊन दोरे सोडले. दोन-तीन काड्यांवर खरंच वळ उठले होते.

सप्टेंबरच्या शेवटी काका एका संध्याकाळी मांडवाखाली भेटले. फार खुशीत होते. म्हणाले, ठरवलंय मी, यंदा ऑक्टोबरला कात्री लावायची नाही. तू म्हणत होतीस तसं फेब्रुवारीला छाटायचं, इथल्या हिशोबाने. पुढच्या ऑगस्टला खरे घड धरतील. दादाला फोटो पाठवीन. खोटं बोलून बोलून कंटाळा आलाय, त्या दिवशी त्याने घड हातात घेतला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन वर्षं मी ज्यासाठी या माणसाचं डोकं खाल्लं, ते तो आपण होऊन करायला निघाला होता. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तासगावकडचं एक घर आलं. दादा खुर्चीत बसून फोन लावताहेत, किती डोळ्यांवर घेतोस म्हणून विचारताहेत, आणि इकडून उत्तर येतंय की इथं ऑक्टोबरला छाटत नसतात.

"नको काका," मी म्हणाले. "ऑक्टोबरलाच छाटा."

"का?"

"दादांचा फोन येईल."

"येईल की. त्याला सांगतो, इथलं गणित वेगळं आहे."

"नका सांगू."

काका माझ्याकडे बघत राहिले. माझा चेहरा काही लपवणारा नाही, आणि त्यांना त्यात काय दिसलं, काही दिसलं का, की सगळं त्यांना आधीपासूनच माहीत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"आणि द्राक्षं?" त्यांनी विचारलं.

"द्राक्षं दुकानात मिळतात," मी म्हणाले.

त्यांनी मान वर करून मांडवाकडे बघितलं. एक तार सैल झाली होती, तिचा पेच दोन वेळा पिळला. मग म्हणाले, पुढच्या शनिवारी तुला सुट्टी असेल ना, शिडी धरायला ये.